धाकट्याचा दिवस

'मुलगा इंजिनिअरिंगला आहे,' असे कोणाला सांगताना आम्हा नवराबायकोचा आवाज थोडा चढतो, ही गोष्ट आमच्या थोरल्या मुलीने प्रथम आमच्या ध्यानात आणून दिली. रविवारी मिस्सा आटोपून चर्चच्या आवारात चार माणसे भेटतात, मुलाबाळांची विचारपूस होते आणि आम्ही दोघेही एकदमच उत्तर देतो. वाचकांपैकी अनेकांची हीच तऱ्हा असेल. आपल्याकडे दोन पिढ्यांपूर्वी सातवी पास झालेला माणूस मास्तर होई आणि मास्तर झालेल्याला सारा गाव मान देई. तेथून इंजिनिअरपर्यंत पोहोचणे म्हणजे आवाज चढण्याजोगेच आहे. पण त्या मुलाचा दिवस जातो कसा, असे कोणी विचारले असते, तर 'अभ्यास करतो' यापलीकडे आम्हांला काही सांगता आले नसते. एका छताखाली राहून तो दिवस आम्हांला ठाऊक नव्हता. तो कसा ठाऊक झाला, ते येथे सांगायचे आहे.

आम्ही जुन्या जालन्यात राहतो. आमच्यापैकी एकाने चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले आणि तो निवृत्त झाला. दुसरी नर्स आहे आणि तिच्या रात्रपाळ्या अजून संपायच्या आहेत. थोरली लग्न होऊन पुण्यास गेली. धाकटा उशिरा झालेला, २००५ सालचा. बारावीनंतर २०२३ मध्ये त्याने छत्रपती संभाजीनगरच्या एका महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स शाखेला प्रवेश घेतला. जालन्यात काही शिक्षण नाही असे नव्हे. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीने २०१८ पासून आपले मराठवाड्याचे केंद्र जालन्यातच उघडले आहे. परंतु आमच्या चिरंजीवांना रसायने नको होती, तारा हव्या होत्या. लहानपणी घरातला एकही रेडिओ त्याने धड राहू दिला नाही.

प्रवेशाच्या वेळी घरात एक छोटे भाषण झाले. ते आमच्यातील मास्तरांनी केले आणि नर्सबाईंनी मान डोलावली, म्हणून ते दोघांचे धरावे. भाषण असे : फी आम्ही भरू. रेल्वेचा पास, पुस्तके, कपडे, मोबाईल हे तुझे तू बघ. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या लहानपणी पितृछत्र हरपल्यावर शिकवण्या करून शिकले आणि पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजातून १८८३ साली इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिले आले. खडकवासल्याच्या धरणाला आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ मध्ये त्यांनीच बसवले. त्यांच्या जन्मदिवशी, १५ सप्टेंबरला, आपण अभियंता दिन पाळतो तो उगाच नव्हे. हे भाषण मास्तरांनी शाळेत दरवर्षी केलेले होते, त्यामुळे ते ओघवते झाले. मुलाने निमूट ऐकून घेतले. महिन्याभरात त्याने नव्या जालन्यात नववी-दहावीच्या सहा मुलांची गणिताची शिकवणी धरली. आम्हांला धन्यता वाटली. वळण लागले, असे आम्ही म्हणालो.

संभाजीनगर जालन्याहून साठ-बासष्ट किलोमीटर. वसतिगृहाचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून रोजचे जाणे-येणे ठरले. सकाळची गाडी, दिनागाव, बदनापूर, करमाड, चिकलठाणा, मुकुंदवाडी. या मार्गावर नोकरदार, विद्यार्थी, भाजीवाल्या अशी पासवाल्यांची एक दुनियाच आहे. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईस वंदे भारत गाडी सुटली तेव्हा स्टेशनावर मोठी गर्दी लोटली होती. धाकट्याने त्या गाडीचा पांढरा डबा हात लावून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या नेहमीच्या डब्यात दाराशी उभा राहिला. उभ्या उभ्या वाचायची सवय त्याला तेथेच लागली.

त्याच्या दिवसातील आणखी एक भाग म्हणजे रविवार. 'जालना, सोने का पालना' अशी आमच्या गावाची जुनी ओळख. आज त्या पाळण्यात लोखंड झुलते. औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळया ओढणाऱ्या गिरण्या आहेत आणि त्यांच्या भट्ट्यांपुढे उभे राहणारे बरेच कामगार बिहार, उत्तर प्रदेशाकडून आलेले आहेत. त्यांची मुले येथील मराठी शाळांत जातात. त्यांतील चार-पाच मुलांना धाकट्याने कोठे गाठले, कोणास ठाऊक. रविवारी दुपारी ती आमच्या ओसरीवर येऊन बसू लागली. त्यांच्याकडून तो पैसे घेत नसे. आम्ही त्यांना कधी पोहे, कधी चहा देत असू आणि आपणही या पुण्यात वाटेकरी आहोत असे समजत असू.

राहता राहिला त्याचा डबा. डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात तारा, स्क्रू, एक हिरवी सर्किटची पट्टी, लहानसा भोंगा आणि डाग देण्याची कहाणी. रात्री अकरानंतर तो हा डबा उघडून बसे. राळ वितळल्याचा वास घरभर पसरे. 'हा खेळ केव्हा संपायचा?' असे आम्ही आळीपाळीने विचारत असू.

त्या खेळाविषयी सांगायचे तर आधी पाण्याविषयी सांगावे लागेल. जालन्याच्या माणसाला पाण्याविषयी थोडक्यात बोलता येत नाही. निजामाच्या काळात बांधलेल्या घाणेवाडीच्या तलावातून नुसत्या उताराने पाणी गावात येई, हे आमच्या वडीलधाऱ्यांचे कौतुकाचे बोल. २०१२-१३ च्या दुष्काळाने ते कौतुक संपवले. त्या साली महाराष्ट्रात जे जिल्हे सर्वाधिक होरपळले, त्यांत जालना होता. अंबडकडच्या आमच्या नात्यातल्या एका घराने मोसंबीची जपलेली बाग डोळ्यांदेखत वाळताना पाहिली आणि शेवटी कुऱ्हाड चालवली. गल्लीत टँकर येई. धाकटा तेव्हा सात-आठ वर्षांचा. आमच्या घागरींची रांग मोडू नये म्हणून त्याला घागरीशेजारी बसवून आम्ही कामाला जात असू. तो दप्तर घेऊन बसे. पुढे जायकवाडीचे पाणी जालन्याला नळाने येऊ लागले आणि ते दिवस सरले. तरी आमच्या गल्लीत नळाला पाणी रोज येत नाही. कधी सहाव्या दिवशी, कधी नवव्या, आणि बहुधा रात्री. आले की हौद भरून घ्यायचा, मग मोटरीने गच्चीवरच्या टाकीत चढवायचे. झोप लागली आणि पाणी येऊन गेले, तर पुढचा आठवडा शेजाऱ्यांच्या तोंडाकडे बघत काढायचा.

हे जागरण पूर्वी मास्तर करीत. गुडघे धरल्यापासून, म्हणजे धाकटा दहावीत असल्यापासून, तो पुढच्या खोलीत नळाजवळ निजू लागला. 'त्याची झोप फार सावध आहे,' असे आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत असू.

डब्यातला खेळ म्हणजे नळाला पाणी आल्याबरोबर घंटा वाजवणारे यंत्र होते. ऐकायला सोपे वाटते. आम्हांलाही वाटले. त्याने प्रथम बाजारातून एक फिरकी आणून नळाच्या तोंडाशी बसवली. आत छोटे चक्र असते, चक्राला लोहचुंबक, पाण्याने चक्र फिरले की यंत्राला कळते. पहिल्याच रात्री एक वाजता घंटा झाली. आम्ही तिघे बादल्या घेऊन धावलो. नळ नुसता फुसफुसत होता. पाणी येण्याआधी रिकाम्या नळातली हवा ढकलली जाते आणि चक्राला हवा काय, पाणी काय, सारखेच. त्या रात्री चार वेळा घंटा झाली आणि पाणी आले नाही ते नाहीच. मग त्याने चक्र काढून नळाच्या आत तांब्याच्या तारांची दोन टोके एकमेकांपासून दूर ठेवली. पाणी दोहोंना भिडले की वीज पलीकडे जाते, हवेतून जात नाही. हे जमले. पण तीन आठवड्यांत एक तार हिरवी पडून खंगली. ओल राहिलेल्या नळातून वीज सतत एकाच दिशेने वाहत राहिली की त्या टोकाचा धातू विरघळत जातो, असे त्याने आम्हांला समजावले. त्यावर त्याने तांब्याऐवजी न गंजणारे स्क्रू बसवले, आणि वीज सतत न सोडता काही सेकंदांनी क्षणभरच सोडायची, तीही एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे, अशी योजना केली. मराठीच्या मास्तरांना हे समजले, यावरून मुलाची समजावण्याची हातोटी चांगली असावी.

गल्लीतल्या एकाने त्याला सुचवले, की घंटा कशाला, थेट नळालाच मोटर लावून ती आपोआप सुरू होईल असे कर. पैसे देऊ. मुलगा म्हणाला, "काका, मग शेवटच्या घरी काय जाईल?" आम्हांला त्याचे हे बोलणे आवडले. डबा मात्र आवडला नाही.

२०२५ च्या फेब्रुवारीअखेर तिसऱ्या सत्राचा निकाल लागला. रात्री ताटावर बसल्यावर त्याने स्वतःच सांगितले.

"पप्पा, एम-थ्री गेला."

"गेला म्हणजे?"

"राहिला. बाकीचे सगळे निघाले."

एम-थ्री म्हणजे इंजिनिअरिंगचे तिसरे गणित. लाप्लास आणि फोरिअर या दोन फ्रेंच गणितज्ञांच्या नावाची रूपांतरे त्यात असतात, आणि या विषयाने महाराष्ट्रातल्या किती मुलांना रडवले, त्याची गणती नाही. पण त्या रात्री आम्हांला एवढेच दिसले, की मुलांना गणित शिकवणारा आमचा मुलगा गणितात नापास झाला आहे. मास्तर हे बोलूनही गेले. बोलणे सुटल्यावर परत घेता येत नाही. तो खाली मान घालून भाकरी मोडत राहिला. मग आम्ही दोघांनी मिळून फर्मान काढले : आधी तो डबा बंद. त्याने वाद घातला असता तर बरे झाले असते. ताट धुऊन त्याने डबा उचलला आणि कपाटावर, पाहुण्यांच्या गाद्यांच्या मागे ठेवून दिला. शिकवणीचे मात्र त्याने सांगितले, की दहावीची परीक्षा सुरू आहे, गणिताचा पेपर होईपर्यंत मुलांना सोडता येणार नाही. फोन करून मुले रात्री शंका विचारीत आणि तो उत्तरे देई, हे आम्ही ऐकत होतो. आपल्या पोराचा पेपर बुडाला आणि लोकांच्या पोरांचे पेपर हा सोडवतो आहे, असे मनात येई. अशा वेळी मनात जे येते ते सगळेच लिहिण्यासारखे नसते.

पंधरा दिवस गेले. एका रात्री नर्सबाईंची पाळी अचानक बदलली आणि त्या दीडच्या सुमाराला घरी आल्या. पुढच्या खोलीत दिवा होता. धाकटा नळापाशी जमिनीवर, भिंतीला पाठ लावून बसलेला. मांडीवर एम-थ्रीचे पुस्तक, हनुवटी छातीवर टेकलेली.

"काय रे, इथे का?"

"आज येईल असं वाटतंय, आई. सातवा दिवस आहे."

यंत्र कपाटावर गेल्यापासून तो पुन्हा कानाने पाणी ऐकत होता. त्या रात्री पाणी आले नाही. सकाळी तो गाडीला गेल्यावर बाईंनी गाद्यांमागचा डबा खाली काढला. त्यात खालच्या बाजूला एक पाठकोरी वही होती. काही आकृत्या, काही हिशेब आणि एका पानावर गेल्या वर्षाच्या ऑगस्ट ते नोव्हेंबरची नोंद : 'पाणी आले १४ वेळा. उठलो ५२ वेळा.' त्याखाली रेघ ओढून यंत्राची पहिली आकृती काढलेली होती.

आम्ही दोघे ते पान बराच वेळ पाहत बसलो. मग बाईंनी चर्चच्या गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचे एक पान उलटे करून त्यावर त्याचा दिवस मांडला. नर्सला तक्ता भरायची सवय असते. पाचला उठणे. दीड तास आंघोळ, दळण, दूध, किराणा, घरातली काय काय कामे. साडेसहाला निघून नऊला कॉलेज. साडेचारपर्यंत तास, प्रात्यक्षिके. सातला परत जालना. तेथूनच सायकलने कुंडलिकेचा पूल ओलांडून शिकवणी, घरी यायला साडेनऊ. अर्धा तास जेवण. दहा ते अकरा अभ्यास. अकरा ते पाऊण तास डबा. पावणेबाराला पाठ टेकणे. बेरीज केली. प्रवास पाच तास, कॉलेज साडेसात, शिकवणी अडीच, घर आणि पोट दोन, अभ्यास एक, डबा पाऊण, झोप सव्वापाच, आणि त्या झोपेतूनही नळासाठी उठणे वेगळे.

रकान्यांपुढे बाईंनी आणखी एक रकाना ओढला आणि त्यात लिहीत गेल्या : कोणासाठी. दळण, घरासाठी. शिकवणी, आमच्या भाषणासाठी. नळ, घरासाठी. पाऊण तासापुढे त्यांनी 'स्वतःसाठी' असे लिहिले, वहीकडे पाहिले आणि तेही खोडले.

बाईंचे काम तक्त्याने झाले. मास्तरांचे अजून व्हायचे होते. 'पण विश्वेश्वरय्यांनी...' असे त्यांनी म्हणून पाहिले आणि आपलीच बाजू भक्कम करण्यासाठी कपाटातले विश्वेश्वरय्यांचे जुने चरित्र काढले. चरित्रात लिहिले होते ते त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. विश्वेश्वरय्यांनी शिकवण्या केल्या त्या बंगलोरला, सेंट्रल कॉलेजात बी. ए. करीत असताना. १८८१ मध्ये ते बी. ए. झाले. त्यानंतर पुण्यास इंजिनिअरिंगला आले ते म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती घेऊन. पहिले आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर शिकवणीचे ओझे नव्हते. ही अर्धी गोष्ट मास्तर इतकी वर्षे गाळत आले होते. शाळेत तेवढ्याने कोणाचे बिघडले नसेल. घरात बिघडले.

संध्याकाळी तो आला तेव्हा डबा त्याच्या टेबलावर होता. आम्ही काही बोललो नाही, त्यानेही विचारले नाही. आमच्या घरात क्षमा मागण्याची पद्धत साधारण अशीच आहे. जेवताना मास्तरांनी जाहीर केले, की पास आणि पुस्तके यापुढे पेन्शनीतून, दळण-किराणा मास्तरांकडे, आणि दहावीची ही तुकडी संपली की संध्याकाळची शिकवणी बंद. रविवारची मुलेही मास्तर घेतील. यावर तो प्रथमच हसला. "पप्पा, तुम्ही? गणित?"

हसला ते खरेच होते. पहिल्या रविवारी मास्तर सरळव्याजाचे उदाहरण घेऊन बसले. एका मुलाने सूत्र घडाघडा म्हटले, उत्तरही बरोबर काढले आणि मग विचारले, "सर, ये मुद्दल क्या होता है?" बाकीची चारही मुले मान वर करून पाहू लागली. कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांच्या घरी तो शब्द 'मूलधन' असतो. सूत्रातल्या अक्षराच्या जागी आकडा घालायचा, एवढे त्यांना धाकट्याने पक्के करून दिले होते, पण उदाहरणाची भाषाच त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती. परीक्षेत उदाहरण फिरवून विचारले की ती अडत. मास्तरांच्या लक्षात आले, की येथे गणिताचे नव्हे, आपलेच काम आहे. त्या दिवसापासून ओसरीवर उदाहरणे सोडवण्याआधी गोष्टीसारखी मोठ्याने वाचली जातात. छापील किंमत, सूट, तोटा, भागीदारी, हप्ता. एका मुलीची आई भंगार निवडण्याच्या कामाला जाते. तिने 'हप्ता' शब्दाचा अर्थ आम्हांलाच नीट सांगितला. निवृत्तीनंतर मास्तरांना इतके बरे प्रथमच वाटले असावे. तसे ते कबूल करणार नाहीत, म्हणून हे वाक्य बाईंचे समजावे.

येथे गोष्ट गोड होऊन संपायला हरकत नव्हती. परंतु उन्हाळ्याच्या परीक्षेत एम-थ्री पुन्हा गेला. चार गुणांनी. आता वेळ होता, झोप होती, पास आम्ही काढत होतो, तरीही गेला. या वेळी आम्हांला राग आला नाही, भीती वाटली. कंपन्या मुलाखती घ्यायला येतात तेव्हा मागे विषय राहिलेला मुलगा त्यांना नको असतो, हे त्याच्या मित्रांकडून आमच्या कानावर आले होते. मुलगा म्हणाला, "मला फोरिअर समजतो, पप्पा. वेळेत लिहून होत नाही." दोन वर्षे धावत्या गाडीत, तुकड्यातुकड्याने अभ्यास केलेल्या मुलाला तीन तास एका जागी बसून लिहिणे जड जात होते. तेव्हापासून दर शनिवारी आमच्या घरात परीक्षा होते. जुनी प्रश्नपत्रिका, समोर घड्याळ, मास्तर पर्यवेक्षक. त्यांना उत्तरपत्रिकेतले चिन्हही कळत नाही, पण वेळ संपल्यावर कागद हिसकावून घेण्याचा अनुभव दांडगा आहे.

अशाच एका शनिवारी रिकामे बसवेना म्हणून मास्तरांनी या फोरिअरची माहिती काढली. शिंप्याचा मुलगा, लहानपणीच पोरका झालेला. फ्रान्समधील ओसेर गावात बेनेडिक्टाइन मठवाश्यांच्या शाळेत शिकला, पुढे काही काळ मठात उमेदवार म्हणून राहिला, पण क्रांतीच्या वर्षी, १७८९ मध्ये, व्रत न घेताच बाहेर पडला आणि गणिताचा शिक्षक झाला. म्हणजे आमच्या मुलाला छळणारा माणूसही शिकवण्या घेणाऱ्यांपैकीच. हे ऐकून धाकटा म्हणाला, "त्याला एम-थ्री नव्हता ना."

७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी पिएर जॉर्जिओ फ्रासाती यांना संत म्हणून घोषित केले. त्यानंतरच्या एका रविवारी फादरांनी प्रवचनात त्यांचे चरित्र सांगितले. तुरिनच्या पॉलिटेक्निकमध्ये खाण-अभियांत्रिकीचा विद्यार्थी, खाणकामगारांमध्ये राहून काम करता यावे म्हणून ती शाखा घेतलेली. दिवसाचा मोठा भाग गोरगरिबांच्या घरी जाण्यात गेला, अभ्यास रखडत राहिला आणि १९२५ मध्ये चोविसाव्या वर्षी पोलिओने गेला तेव्हा पदवीला दोन परीक्षा उरल्या होत्या. हे वाक्य आले आणि आम्हा दोघांच्या मध्ये बसलेल्या धाकट्याने हळूच कोपर मारले, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. घरी येताना बाईंनी त्याला बजावले, की संत झालास तर आनंदच आहे, पण एम-थ्री काढून हो.

हिवाळ्यात त्याने तिसऱ्यांदा पेपर दिला. कसा गेला, हे आम्ही विचारले नाही. त्याने आपण होऊन सांगितले, की सगळे प्रश्न लिहून झाले. निकाल अजून लागायचा आहे.

यंत्र मात्र लागले आहे. नळातले स्क्रू आजवर गंजलेले नाहीत. पहिली घंटा पुढच्या खोलीत होती. आम्ही त्याला सांगून तिची तार आमच्या खोलीत ओढून घेतली आणि त्याची गादी मागच्या खोलीत नेली. तार ओढताना तो दोनदा म्हणाला, "पप्पा, तुमचे गुडघे." मास्तर म्हणाले, "गुडघ्यांना घंटा ऐकू येत नाही. आम्हांला येते."

गेल्या आठवड्यात रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी ती वाजली. बाईंना सुट्टी होती. आम्ही दोघे उठलो. नळ दोन-तीनदा फुसफुसला आणि मग पाणी धारेला लागले. हौदात नळी सोडली. समोरच्या घरातल्या आजींनी खिडकीतून विचारले, "आलं का हो मास्तर?" आम्ही आलं म्हणालो. मग एकेक दिवा लागत गेला, बादल्यांचे आवाज झाले, गल्ली जागी झाली. मागच्या खोलीत जाऊन पाहिले तर धाकटा पालथा झोपला होता. उशाशी दिवा तसाच जळत होता आणि वही अंगाखाली चुरगळली होती. बाईंनी वही हळूच ओढून काढली, दिवा मालवला आणि दार लोटून घेतले.

पाणी चार वाजेपर्यंत होते.